धारची मिश्री

भोईट्यांच्या घरातली फुलोऱ्याची टोपली काही फार जड नसते. दोन डझन कडाकण्या, अकरा करंज्या, कणकेची तळलेली वेणी, तशीच फणी, आणि वरून लाल फडकं. शाळेतली पोरगीसुद्धा उचलील. पण नवरात्रातल्या अष्टमीला ती टोपली ज्या सुनेच्या डोक्यावर असते, तिच्याकडे गल्ली वळून बघते. नियम एकच. मध्य प्रदेशातल्या देवास गावच्या घराच्या उंबऱ्यातून उचललेली टोपली टेकडीवर तुळजाभवानीच्या दारापर्यंत कुठेही टेकवायची नाही आणि दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. टेकली, तर पुढच्या वर्षापासून टोपली दुसऱ्या सुनेची.

सुभद्रानं ती चोवीस वर्षं नेली होती. आता तिचं वय एक्कावन्न. दिवसभर शिलाईच्या मशीनवर बसून ती शाळेचे गणवेश शिवायची, पण अष्टमीला तिची पावलं अशी पडत की मागून येणारा नवरा वीरेंद्र अर्ध्या पायऱ्यांवर उभा राहून ओरडायचा, “अगं, देवी काय पळून चाललीय का?” आणि ती मान न वळवता म्हणायची, “देवी नाही, तुम्हीच मागे पडताय.” पायऱ्यांवरची माणसं हसायची. हे सगळं तिला फार आवडायचं.

गेल्या अष्टमीला मात्र वेगळंच झालं. अर्ध्या चढावर डाव्या पोटरीत असा गोळा आला की कुणी फडकं पिळावं तशी पोटरी पिळवटली. तिनं पदर सारखा केल्यासारखं केलं, मग कठड्याला धरलं. टोपली कलली आणि कठड्यावर टेकता टेकता राहिली. दोन मिनिटांनी गोळा आपोआप उतरला आणि ती वर पोचली. कुणाला कळलं नाही असं तिला वाटलं. पण वर रोपवेनं आधीच येऊन बसलेल्या तिच्या सासूबाईंनी, अक्कांनी, तिचा चेहरा वाचला.

अक्का धारला धाकट्या मुलाकडे राहत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आवाज मात्र तिशीतला. परत धारला निघताना त्या एवढंच म्हणाल्या, “सुभद्रे, यंदा निभावलं. पुढच्या खेपेला टेकली, तर अल्पना आहे हो.”

अल्पना म्हणजे धाकटी जाऊ. ती तिथंच उभी होती. ती घाईनं म्हणाली, “अक्का, मला काय घालताय त्यात? मला तर पाव किलोची पिशवी उचलली तरी दम लागतो.” सगळे हसले. सुभद्राही हसली. पण ते वाक्य वर्षभर तिच्या कानात राहिलं.

त्या वर्षात गोळा जाईना. भाजी आणायला निघाली की ठरावीक अंतरावर तो यायचा, थांबली की जायचा, परत चालू लागली की परत तेवढ्याच अंतरावर हजर. जणू रस्त्यात कुणी टोलनाका बसवलाय. “मशीनचं पायडल मारून मारून झालंय,” ती स्वतःला सांगायची. कधी म्हणायची, “वय झालं.” उन्हाळ्यात डाव्या पायाच्या अंगठ्यावर कात्री पडली, इवलीशी जखम, ती भरायला सात आठवडे लागले. जूनमध्ये, जेव्हा अख्खं देवास पंख्याखाली लोळत होतं, तेव्हा ती एकाच पायात मोजा घालून झोपायची. ही सगळी चिन्हं एकाच गोष्टीची आहेत असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं कुणाला विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर टोपलीची गोष्ट निघाली असती.

ती गोष्ट निघाली सातवीतल्या गुंजनच्या गृहपाठातून.

गुंजन ही सुभद्राची मुलगी. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, त्यामुळे घरातलं मराठी तिला कळायचं सगळं, पण तोंडातून निघताना अर्धं हिंदी होऊन निघायचं. जुलैत विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं: नाडी शरीरात कुठे कुठे सापडते ते घरच्या माणसांवर शोधून वहीत लिहा. मनगट झालं, मान झाली. मग ती जमिनीवर बसून सगळ्यांच्या पावलांवर बोटं ठेवू लागली. वीरेंद्रची नाडी लगेच सापडली. तिची स्वतःची सापडली. आईच्या उजव्या पावलावरही सापडली. डाव्यावर मात्र बोटं फिरवून फिरवून ती कंटाळली.

“आई, तुझा हा पाय बंद आहे.”

“बंद काय? दुकान आहे का ते?”

“अरे सच्ची! आणि हा इतका थंडा काय आहे? फ्रिज में रखा था क्या?”

वीरेंद्र कारखान्यात फिटर होता. पाइपात पाणी पोचत नसलं की कुठे काय तपासायचं हे त्याला झोपेतही कळायचं. त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, दोन्ही पावलांना हात लावून पाहिला आणि उठला. “उद्या सकाळी दवाखाना.”

“काही नको. डॉक्टर म्हणेल चढू नका.”

“मग म्हणू दे.”

“तुमचं काय जातं म्हणायला!” सुभद्राचा आवाज एकदम चढला. गुंजनला नवल वाटलं. आई पायाला घाबरत नव्हती, कुठल्या तरी दुसऱ्याच गोष्टीला घाबरत होती. ती गोष्ट स्वयंपाकघरातल्या फळीवर उलटी ठेवलेली होती: रिकामी, वेताची, तिच्या काठाला लाल दोरा.

डॉक्टर अर्पित तरुण होते, इंदूरहून रोज येत. ते बोलत हिंदीत, आणि ऐकत मात्र मनापासून.

“पैर में क्या होता है?”

“गोळे येतात,” सुभद्रा म्हणाली. मग हिंदीत वळली, “मतलब, गोले आते हैं. पिंडली में.”

“गोले?” डॉक्टरांनी भुवया वर केल्या. “तोप के?”

गुंजन खो खो हसली आणि तिनं दुभाष्याचं काम हाती घेतलं. किती चालल्यावर येतो, हे मात्र सुभद्रानं स्वतः सांगितलं. घरामागे मीठा तालाबच्या कडेनं विजेचे खांब आहेत. पहिल्यापासून निघालं की पाचव्या खांबाशी गोळा. रोज पाचव्याच. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, असं नेमकं सांगणारा पेशंट महिन्यात एखादा येतो. मग त्यांनी तिला झोपवलं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, तसाच पट्टा दोन्ही घोट्यांवर बांधून घेतला, आणि पेनाएवढं एक यंत्र पावलावर टेकवून रक्ताचा सुर्रसुर्र आवाज तिला ऐकवला. उजव्या पायात आवाज ठसठशीत होता. डाव्यात दूरच्या नळासारखा बारीक. दंडाचा वरचा दाब एकशे चाळीस, उजव्या घोट्याचा एकशे पस्तीस, डाव्याचा नव्वद.

“देखिए,” डॉक्टर गुंजनच्या वहीत चित्र काढू लागले, कारण ती पुढे सरकून बसली होती. पायाकडे जाणारी मोठी नस आतून चरबीनं अरुंद झाली आहे. बसलं असताना पोटरीला थोडं रक्त पुरतं. चालताना जास्त लागतं, तेवढं पोचत नाही, म्हणून पोटरी ओरडते. थांबलं की हिशेब जुळतो, म्हणून दुखणं जातं. “ये थकान नहीं है, उम्र भी नहीं है. और ये सिर्फ पैर की बात भी नहीं. नसें पूरे शरीर में हैं, दिल में भी.”

वीरेंद्रचा चेहरा उतरला. सुभद्रानं विचारलं ते दुसरंच. “चढना बंद?”

“बंद? उलटा, चलना ही दवा है.” आणि त्यांनी समजावलं ते असं. चौकातला मोठा रस्ता खोदून ठेवला की माणसं काय करतात? गल्लीतून वाट काढतात. रोज तिथून जाऊ लागली की ती गल्लीच रस्त्यासारखी होते. पायातही मोठ्या नसेच्या आजूबाजूला बारीक नसा असतात. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, चांगली दुखली की थांबायचं, दुखणं पूर्ण गेलं की परत चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. त्या बारीक वाटा मोठ्या होतात आणि पोटरीही कमी रक्तात भागवायला शिकते. सोबत गोळ्या नेमानं. अनवाणी फिरायचं नाही, कारण अशा पायाला जखम झाली की ती भरत नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, कारण चटका कळत नाही. पायावर कुठे जखम दिसली, पाऊल काळंनिळं पडलं किंवा रात्री झोपेतही दुखू लागलं, तर एक दिवसही न थांबता यायचं.

शेवटी त्यांनी विचारलं, “तंबाकू? बीड़ी, गुटखा, ज़र्दा, कुछ भी?”

“छे छे! कभी नहीं,” सुभद्रानं पदर सावरला. असल्या प्रश्नाचा तिला जरा रागच आला. “बस सुबह-शाम थोडी मिश्री.”

डॉक्टर हसले. रक्तातली साखर त्यांनी पाहिली होती, ती ठीक होती. “मिश्री चलेगी. थोड़ी-थोड़ी.”

सुभद्रा सुखावली. एका गोष्टीला तरी परवानगी मिळाली होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मायलेकी तालाबावर. सुभद्रा चालायची, गुंजन खांब मोजायची. पाचव्याशी गोळा. थांबायचं. लोक विचारायचे, “क्या हुआ बहनजी?” सुरुवातीला सुभद्रा लाजून तळ्यातली बदकं बघितल्यासारखं करायची. गुंजननं तिला सांगितलं, “आई, तू रुकती है तो शान से रुक. डॉक्टरने बोला है.” मग ती कमरेवर हात ठेवून रुबाबात थांबू लागली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गुंजन रोज आकडा लिहायची. पाच. पाच. सहा. सात. ऑगस्ट उजाडला तेव्हा नऊ.

आणि नवावर गाडी अडली. एक आठवडा नऊ, दुसरा नऊ, तिसराही नऊ. डॉक्टर अर्पितही कोड्यात पडले. “चल रही हैं, दवा ले रही हैं, तंबाकू है नहीं. फिर अटका क्यों?” त्यांनी एक गोळी बदलली. सुभद्रा घरी आली, फळीवरच्या टोपलीकडे न बघता मशीनवर बसली. टेकडी नऊ खांबांची नव्हती. तो चढ होता.

त्यातच गौरी आल्या. भोईट्यांच्या गौरी धारला बसत, म्हणून सगळे धारला गेले. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्यांचा घाट होता. सुभद्रा आणि अल्पना भाज्या चिरत बसल्या होत्या. एवढ्यात मागल्या अंगणातून असा उग्र वास आला की ओटीवरची माणसं खोकू लागली.

“अक्कांना आजच सुचायचं होतं!” अल्पना नाकाला पदर लावून म्हणाली.

गुंजन डोळे चोळत अंगणात गेली. अक्का विटांच्या चुलीसमोर बसून तव्यावर कसली तरी पानं भाजत होत्या. पानं काळी ठिक्कर पडली की पाट्यावर घेऊन बारीक करत होत्या. शेजारी पितळी डबी, ओळखीची. तीच डबी दर दोन-तीन महिन्यांनी भरून देवासला यायची. आई त्यातली काळी भुकटी बोटावर घेऊन सकाळ-संध्याकाळ दातांवर घासायची आणि बराच वेळ गप्प बसून राहायची. गुंजन त्याला मंजन समजत आली होती.

“आजी, ये क्या जला रही हो?”

“मिश्री गं. तुझ्या आईची. इकडे येऊ नकोस, ठसका लागेल.”

“मिश्री?” गुंजन हसली. “मिश्री तर सफेद असते. सौंफ के साथ.”

“ती तुमची हिंदीतली. तिला आपण खडीसाखर म्हणतो. मिश्री ही.”

गुंजननं चुलीजवळ पडलेलं एक पान उचललं. ते तिनं वास घेऊन पाहिलं. वर्गातल्या एका मुलाचे आजोबा हेच पान चुना लावून चोळायचे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. ती पान हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“आई, तू डॉक्टरला कौन सी मिश्री सांगितली होतीस?”

सुभद्राची विळी थांबली.

“कोणती म्हणजे? मिश्री एकच.”

“डॉक्टरला वाटलं तू खडीसाखर खातेस. मला पण तेच वाटलं! आई, ये तो तंबाकू है.”

 अल्पनाला हसू आवरेना. “वहिनी! अहो वहिनी! डॉक्टरच्या आशीर्वादानं रोज दोनदा तंबाखू!” हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सुभद्राकडे पाहून तिचं हसू एकदम विझलं. सुभद्रा हसत नव्हती. बत्तीस वर्षं ती मिश्री लावत होती. लग्नाला महिना झाला तेव्हा दाढ दुखली म्हणून अक्कांनी पहिल्यांदा बोटावर दिली होती. ही भाजलेली तंबाखू आहे हे तिला काय माहीत नव्हतं? होतं. पण तंबाखू खाणारे म्हणजे कोपऱ्यावर पिचकाऱ्या मारणारे, बिड्या ओढणारे. मिश्री ही घरातली, सासूनं दिलेली. ती तंबाखूत मोजायची असते हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. डॉक्टरांशी ती खोटं बोलली नव्हती. आणि खरंही बोलली नव्हती.

वीरेंद्रनं फोन लावून तिच्या हातात दिला. तिनं सगळं सांगितलं. 

“बहनजी,” डॉक्टर म्हणाले, “मैं तो समझा था वो शक्कर वाली!” मग त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि लगेच आवाज गंभीर झाला. तंबाखू धुरातून जावो नाहीतर हिरडीतून, नसा आवळणारं विष तेच. एका हातानं वाट मोकळी करायची आणि दुसऱ्यानं आवळायची, असं चाललं होतं. “आज से बंद. कल से नहीं, आज से. मुश्किल होगा. चिड़चिड़ होगी. ज़्यादा हो तो फोन कीजिए, उसका भी इलाज है. पर ये आप करेंगी तो खंभे आगे बढ़ेंगे.”

अक्का दारात उभ्या होत्या. हात काळे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे माझ्या हातची मिश्री हिच्या पायात अडकली म्हणायची?”

“तसं नाही अक्का—” सुभद्रा म्हणू लागली.

“मग कसं? मी साठ वर्षं लावतेय. मला काय झालं?”

 अक्का परत अंगणात गेल्या. त्या दिवशी जेवताना त्यांनी सुभद्राला वाढलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. देवासला निघताना पितळी डबी पिशवीत नव्हती. ती अक्कांनी रागानं ठेवून घेतली की काळजीनं, हे सुभद्राला कळलं नाही आणि विचारायचं धैर्य झालं नाही.

भाद्रपदातल्या अष्टमीला हे झालं. आश्विनातल्या अष्टमीला टोपली. मध्ये बरोबर एक महिना.

पहिले दहा दिवस घरातल्या कुणाला आठवायला नको वाटतात. मिश्रीशिवाय सुभद्राचं पोट साफ होईना. डोकं ठणके. मशीनवर तीन सुया मोडल्या आणि एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. वीरेंद्रनं भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर तिनं मिठाची बरणीच त्याच्या ताटात ठेवली. तो बिचारा शेजाऱ्याला म्हणाला, “भिया, घर में नवरात्र से पहले ही दुर्गा आ गई है.” तलफ आली की ती लवंग दाताखाली धरायची, गटागट पाणी प्यायची, आणि तरी गेली नाही तर चपला घालून तालाबावर निघायची. दिवसातून कधी एकदा, कधी चारदा. बाराव्या दिवशी एका फेरीत ती बोलत होती गुंजनशी, शर्टाच्या बाह्यांचंच काहीतरी, आणि गुंजन मध्येच ओरडली.

“आई! थांब! ग्यारह!”

अकराव्या खांबाशी पोटरी आता कुठे कुरकुरू लागली होती. सुभद्रानं मागे वळून खांब मोजले. मग परत मोजले. आणि ती खांबाला हात लावून उभी राहिली, जशी माणसं देवळाच्या खांबाला लावतात. दिनदर्शिकेत त्या दिवशीचा आकडा गुंजननं लाल शाईनं लिहिला. पुढे चौदा झाले. घट बसले तेव्हा सतरा.

सातव्या माळेला अक्का आणि अल्पना देवासला आल्या. रात्रीच्या जेवणानंतर कडाकण्या तळून झाल्या. टोपली खाली काढली होती. विषय निघणारच होता. अक्का टोपलीच्या काठाचा दोरा बदलत होत्या.

“सुभद्रे, डॉक्टर काय म्हणतो? जमेल एका दमात?”

“एका दमात नाही जमणार, अक्का,” सुभद्रा स्पष्ट म्हणाली. हे बोलायला तिला वर्ष लागलं होतं. “थांबावं लागेल. तीन-चार ठिकाणी.”

अक्कांचा हात थांबला. तेवढ्यात गुंजन सरसावली. “आजी, एक विचारू? नियम ‘टेकवायची नाही’ आहे की ‘थांबायचं नाही’?”

“टेकवायची नाही.”

“आणि हातात द्यायची नाही.”

“हो.”

“थांबायचं नाही, असं कुणी बोललंय?”

अक्कांनी आठवून पाहिलं. त्यांच्या सासूनं काय सांगितलं होतं, तिच्या सासूनं काय. “नाही बाई,” त्या सावकाश म्हणाल्या. “कुणी थांबलंच नाही, म्हणून तसं वाटत आलं.”

“आणि तिला बूट लागतील,” वीरेंद्र कोपऱ्यातून म्हणाला. “अनवाणी नको, डॉक्टरनं बजावलंय.”

“चामडं घालून टोपली? मुळीच नाही.”

गुंजन आत पळाली आणि खोकं घेऊन आली. पांढरे कापडी बूट, तळ रबराचा. “चामडं कुठाय? दाखव.”

अक्कांनी बूट उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला, वाकवला. “देवळाच्या दारात काढायचे,” एवढंच म्हणाल्या. अल्पना हळूच सुभद्राच्या कानात म्हणाली, “वाचले बाई मी.”

अष्टमीच्या सकाळी टेकडी माणसांनी भरली होती. ढोल, नारळवाले, फुगेवाले, पोरं खांद्यावर घेतलेले बाप. अक्का रोपवेनं वर गेल्या. सुभद्रा नऊवारी नेसली होती, खाली पांढरे बूट, डोक्यावर टोपली, आणि मागे गुंजन, अल्पना आणि वीरेंद्र. एका पोरानं बुटांकडे बोट दाखवलं. तिनं मान आणखी ताठ केली.

पहिला थांबा तिनं पोटरीनं मागायच्या आधीच घेतला. तशी गुंजनची आज्ञा होती. ती आईच्या मागे हात पसरून वाहतूक पोलिसासारखी उभी राहिली. “साइड से, साइड से निकलो!” दुसऱ्या थांब्याला एक म्हातारी म्हणाली, “बेटी, टोकरी नीचे रख ले, सुस्ता ले.” “रख नहीं सकती, माजी,” सुभद्रा म्हणाली, “पर सुस्ता रही हूँ.” आणि तिला स्वतःलाच गंमत वाटली. चोवीस वर्षांत या पायऱ्यांवरून खाली गाव कसं दिसतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आज थांबली म्हणून दिसलं: तळं, कारखान्यांची धुराडी, आणि बारीक दिसणारी तिची गल्ली.

तिसऱ्या टप्प्यात कठीण गेलं. तीच जागा, गेल्या वर्षीची. चढ उभा, गर्दी दाट. पोटरी आवळू लागली आणि त्याच वेळी मागून लोंढा आला. कुणाचा तरी खांदा लागला. टोपली डावीकडे घसरली, फडक्याखालून एक करंजी डोकावली, आणि कठडा अगदी हाताशी होता, नुसतं टेकवायचं. अल्पनाचा हात पुढे आला.

“हात लावू नकोस!” सुभद्रा ओरडली. तिनं दोन्ही हातांनी काठ धरला, पाय फाकवून उभी राहिली, डोळे मिटले. गुंजन मोठ्यानं मोजू लागली, जशी तालाबावर मोजायची. साठ. नव्वद. आजूबाजूच्या दोन बायकाही, काय चाललंय ते न कळता, तिच्यासोबत मोजू लागल्या. एकशे दहाला गोळा सैल पडला. एकशे तीसला गेला. सुभद्रानं डोळे उघडले, टोपली सरळ केली आणि पाऊल उचललं. मागे अल्पनानं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला तो तिला ऐकू आला.

चौथा थांबा देवळाच्या अगदी खाली, आणि तोही तिनं सोडला नाही. शेवटच्या दहा पायऱ्या धावत चढता आल्या असत्या. पण ती उभी राहून, दम घेऊन, मगच त्या चढली. दारात बूट काढले. टोपली तुळजाभवानीच्या पायरीवर टेकली तेव्हा तिच्यातली एकही कडाकणी मोडलेली नव्हती.

अक्का गाभाऱ्याबाहेर खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि पितळी डबी काढली. सुभद्रा एक पाऊल मागे सरकली. अक्कांनी झाकण उघडलं. डबी घासून घासून इतकी लख्ख केली होती की आत तोंड दिसावं, आणि ती काठोकाठ भरली होती: पांढरी, टपोरी, खडीसाखर.

“माझं म्हातारीचं माझ्याजवळ,” अक्का म्हणाल्या. “माझी काही सुटायची नाही आता. पण या डबीत परत ती भरायची नाही. घे. ही तुझ्या डॉक्टरची मिश्री.”

गुंजननं पहिला खडा पळवला. सुभद्रानं दुसरा तोंडात टाकला आणि डबी अल्पनाकडे दिली. 

शेजारी हारवाली बाई बसली होती. दरवर्षी तीच असते. तिनं विचारलं, “यंदा पण थोरलीच आली का हो टोपली घेऊन?”

अक्कांनी पाठ खांबापासून सोडवली आणि ताठ बसल्या. मंडपातल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “माझीच सून ती. वाटेत चार वेळा थांबली, आणि एकदाही टेकवली नाही.”